फिट असेपर्यंत
कंपनीच्या बेसिनपाशी कुणी ग्रीसचे हात साबणपावडरीने धूत असलं, की तो ओला तेलकट वास मला आकुर्डीतल्या त्या पायलट ट्रेनिंगच्या ऑफिसात नेऊन बसवतो. माझा बारावीचा निकाल लागला होता आणि पप्पा पहिली शिफ्ट संपवून तसेच माझ्यासोबत आले होते. एसीत सगळीकडे रूम फ्रेशनरचा गोडसर वास आणि त्यात पप्पांच्या अंगाचा हा. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "डिग्रीची गरजच नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे, मेडिकल फिट निघाली की झालं." मला हसू आवरेना. पप्पांनी विचारलं, "आणि पुढं कधी अनफिट झाली तर?" "मग लायसन्स थांबतं, सर. पण आत्तापासून असा विचार कशाला?" पप्पा चारचौघांत उजवा हात कायम खिशात ठेवायचे. तो त्यांनी बाहेर काढला आणि काचेच्या टेबलावर ठेवला. त्याची दोन बोटं प्रेस मशीनने नेली होती. "मीबी फिटच होतो मॅडम," ते म्हणाले, "बोटं गेली आन् ऑपरेटरचा हेल्पर झालो. पोरगी आधी डिग्री करंल. ती कुणी काढून घेत न्हाई." मॅडम उगाच एसीच्या रिमोटशी चाळा करत बसल्या. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मी बीएस्सी केलं. पप्पा आता नाहीत. चाकणला बारावीवरच मिळालेल्या नोकरीत, क्वालिटी डिपार्टमेंटला पार्ट तपासताना कधी डोक्यावरून विमान जातं, मी मान वर करत नाही. पप्पांचं खरं झालं. डिग्री अजून माझ्याकडेच आहे, ती कुणालाच नको होती.