मुहूर्ताची कुदळ

वरवर पाहून कशावर विश्वास ठेवू नये, असं सगळेच म्हणतात. पण ते अक्षरशः पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामांचा जगातल्या कुठल्याच वस्तूच्या वरच्या बाजूवर विश्वास नव्हता. आंब्याची पेटी ते आधी उलटी करून तळाचा थर बघत. वाशीच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर फडकं टाकत, कारण मामा तळाचा बटाटा ओढायचे आणि वरचा ढीग रस्त्याला लागायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून परातीतल्या खालच्या जिलब्या मागणारा दुसरा पाहुणा मला माहीत नाही. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा आत कांदेपोहे चालू असताना हे गृहस्थ दाराबाहेर माझ्या चपला पालथ्या घालून तपासत होते. आत येऊन त्यांनी निकाल दिला, "टाचा घासत चालतो. आळशी आहे, पण पळून जाणार नाही." लग्न जमलं ते त्या शिफारशीवर, असं बायको अजून ऐकवते.

आमची कॉलनी तुर्भ्याच्या बाजूला, ऐंशीच्या आसपास नुकतीच उभी राहिलेली. शेजारी एक बंद पडलेला रंगाचा कारखाना होता. मालक कधीच गाशा गुंडाळून गेला होता, पण पावसाळ्यात त्या आवारातली डबकी जांभळी व्हायची आणि पलीकडच्या गावाच्या विहिरीला औषधासारखा वास यायचा. मग एके दिवशी ट्रक भरभरून लाल माती आली, आवार सपाट झालं, आणि इथे काय हवं ते लोकांनीच सांगावं म्हणून शाळेत सभा भरली. कुणी देऊळ मागितलं, कुणी बॅडमिंटनचं कोर्ट. शेवटी पोरांसाठी बाग यावर एकमत झालं. मामांची नात मिनी तेव्हा पहिलीत होती, तिने आजोबांकडे झोपाळा सांगून ठेवला होता. आणि मामा उठून म्हणाले, लाल मातीच्या खाली काय आहे ते आधी दाखवा. सभा घ्यायला आलेले सरकारी साहेब हसून म्हणाले, वर चांगली माती टाकली आहे, काळजी नसावी. मामांपुढे 'वर चांगली' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. तेवढ्यात मागून गावातल्या हिराबाई म्हणाल्या, "हिरीचं पानी गुरंपन तोंडात घेत नाय. वरून माती टाकून काय होनार हाय?" साहेबांनी दोघांची नोंद घेतली आणि चहा मागवला.

साहेब मुरलेले होते. भूमिपूजनाला पहिली कुदळ मारायचा मान त्यांनी मामांनाच दिला. वयाने वडील, शिवाय मान मिळाला की माणूस गप्प बसतो. कुदळीला हळदकुंकू लागलं, गुरुजींनी मंत्र म्हटले, मामांनी कुदळ मारली, टाळ्या झाल्या. मामांनी दुसरी मारली. मग तिसरी. मग धोतर खोचलं. गुरुजींना मंत्र थांबवावेत की पुढचे म्हणावेत ते कळेना. साहेब जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मामा, झालं की. एकच मारायची असते." मामा न थांबता म्हणाले, "मुहूर्त तुमचा होता, साहेब. खड्डा माझा आहे." दम लागला तेव्हा हिराबाईंनी पदर खोचून कुदळ हातात घेतली. थोड्याच वेळात लाल माती संपली आणि खालून जांभळा-काळा चिखल वर आला. त्या वासाने डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्यात आधी रुमाल काढला तो साहेबांनी, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं.

बाग राहिली बाजूला. ती सगळी घाण उपसून न्यावी लागली, विहीर गाळ काढून पुन्हा पुन्हा साफ झाली, आणि हे सगळं सरकारी चालीने झालं. गावाच्या आणि कॉलनीच्या लोकांनी फाटकाशी आळीपाळीने बसून पहारा ठेवला. मामा रोज. कॉलनीतली माणसं मात्र लवकरच कंटाळली. पोरांची बाग म्हाताऱ्याने खाल्ली, असं तोंडावर म्हणू लागली. मिनीने तर अबोलाच धरला. मामा वरमले नाहीत. "शिव्या मला घाला," ते म्हणायचे, "पण ती माती पोरांच्या हाताला लागू देणार नाही." मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आणि दोन्ही एकदमच वाटायचं.

बाग उघडली तेव्हा मिनी दहावीत होती. मामांना जिना झेपत नव्हता, तरी तिला घेऊन गेले. मीही बरोबर होतो. ती मुकाट्याने झोपाळ्यावर बसली. पाय जमिनीला घासू लागले.

मामा साखळी धरून उभे राहिले. "तुझ्यासाठी उशीर झाला गं," ते म्हणाले. असा पडलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग मान वर करून म्हणाले, "पण पुन्हा वेळ आली, तर पुन्हा खणीन."

तेवढ्यात मागून एका चिमुरडीने मिनीची ओढणी ओढली. "ताई, उतर ना. आता माझा नंबर."

मिनी उतरली, तिने त्या पोरीला उचलून बसवलं आणि आजोबांचा हात धरून झोपाळ्यावर ठेवला. मामा त्या अनोळखी पोरीला झोके देत राहिले.