डबा अर्धाच भरला होता

आज ज्या डॉक्टरबाई वारल्या, त्यांनी माझं मूत मोजलं होतं.

नात म्हणते, आजी, फेसबुकवर असं नसते लिहीत.
मी म्हटलं, मोजलं तर मोजलं. तू टाईप कर.

माझं शिक्षण तिसरी. बोलणं माझं, बोटं तिची.

ऐंशी सालाच्या आधीची गोष्ट. आंधळगावच्या अलीकडं आमचं गाव. लग्नाले दोन वर्षं झाली होती, त्यातलं एक कावीळीतच गेलं. तवा कावीळवाल्याले अंधाऱ्या खोलीत ठेवत. दूध नाही, तूप नाही, ऊन नाही. तेच औषध समजत लोक.

डोळ्याचा पिवळेपणा कमी झाला, पण हाडं दुखाले लागली. खाली बसली की उठता येत नव्हतं. रोवणा आला. सारं घर बांधीत धान लावून राहिलं, अन् मी घरात भिंत धरून.

सासूले आमी मामीजी म्हणत होतो. मामीजी म्हणे, "जेवाले बसते तवा बरी बसते."

मग माझ्या बाबाले निरोप गेला. पोरगी घेऊन जा.

त्याच दिवसात या डॉक्टरबाई आल्या. नागपूरहून रेल्वेनं वरठी, तिथून जीप. जीपचा रंग आठवत नाही, पण साऱ्या गावातली पोट्टी तिच्या मागं धावली ते आठवते. त्यांचं रिसर्च चालू होतं. ज्याचं यकृत बिघडलं, त्याची हाडं काहून दुखतात?

म्हणजे दुखतात हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मले तेवढ्यानंच बरं वाटलं.

रक्त घेतलं. पांढरा प्लास्टिकचा डबा देला. म्हणाल्या, एक दिवस, एक रात्र, साऱ्या वेळची लघवी यात. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर डबा घेऊन गेला.

रिपोर्ट घेऊन बाई आल्या, त्या दिवशी माझे बाबा ओसरीवर बसले होते. मले न्यायले.

बाईंनी कागद वाचला. "हाडं कमजोर असती तर लघवीत कॅल्शियम कमी यायला हवं होतं. हिचं तर ठीक आहे."

मामीजी बाबाले म्हणे, "आइकलं का, इवाई? आता तर कागदच बोलला. पोरगी नाटक करून राहिली."

बाबा उठले. माझी पिशवी उचलली.

मी उठाले गेली. नाही उठता आलं. सगळे पाहत होते.

बाईही पाहत होत्या. त्यांनी पुन्हा कागद काढला, डब्यात लघवी किती भरली ते पाहिलं. "मामी, डबा इतका काठोकाठ कसा? ही पाणी किती पिते?"

मामीजी मोठ्या मानानं बोलली, "अर्धाच भरला होता, बाई. तुमी इतक्या दुरून आल्या, तुमचं भांडं अर्धं कसं पाठवू? मी भरून देला."

"कशानं?"

"घरचंच हाय. बाहेरचं कोणाचं नाही टाकलं."

त्यात मामीजीचं होतं, अन् माझ्या नणंदेचंही. दोघींची हाडं दगडासारखी. त्यांचंच कॅल्शियम रिपोर्टात आलं.

बाई हासल्या नाही, रागावल्याही नाही. पेन काढला, कागदावर आडवी रेघ मारली.

"काका, पिशवी खाली ठेवा. आठ दिवस थांबा."

दुसऱ्या डब्याजवळ मामीजी खुद पहाऱ्याले बसली. नणंद नुसती बाजूनं गेली तरी म्हणे, "हट तिकडं."

या खेपेले कॅल्शियम नसल्यासारखंच आलं.

बाई मामीजीले म्हणाल्या, "हिचं यकृत बिघडलं आहे. खाल्लेलं हाडापर्यंत पोहोचत नाही. त्यात दूध नाही, ऊन नाही; हाडं उपाशी आहेत हिची. ही खोटं बोलत नाही."

बाबा एकटेच परत गेले.

इंजेक्शन सुरू झालं, दूध सुरू झालं. मामीजीनं माझी खाट ओढत नेऊन उन्हात टाकली. माफी वगैरे काही नाही. सासूनं सुनेची माफी मागाची पद्धत नव्हती आमच्यात. पण दुधावरची साय मले येत होती, नणंदेले नाही.

नात म्हणते, बाईंचं रिसर्च पुढं इंग्रजीत छापून आलं. असंल. मले कुठं वाचता येते.

वर्षभरानं बाई पुन्हा आल्या. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या. "खाली बस. आता हात न टेकता ऊठ."

मी उठली.

"आणखी एकदा."

आणखी एकदा उठली. मले वाटलं, यांचा भरोसा नाही बसून राहिला. तोंडाकडं पाहिलं तर बाई हासत होत्या.

तिसऱ्यांदा मी न सांगताच उठून दाखवलं.

डॉक्टरबाई, माझा अन् मामीजीचा रामराम घ्या.