ऐंशी टक्क्यांचे काका

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत माझी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लागली, की पहिल्या मजल्यावरचे वाघ काका खाली येऊन विचारायचे, "किती झाली?" मी ऐंशी म्हटलं, की सरळ भिंतीवरचं बटण बंद. गाडी माझी, वीज माझी आणि हुकूम यांचा! "पोटात जरा जागा ठेव की," म्हणायचे. सुरुवातीला मला हा माणूस चांगलाच आगाऊ वाटला.

काका रेल्वेत इलेक्ट्रिक इंजिनाचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी इगतपुरीला, कसाऱ्याचा घाट चढण्या-उतरण्यात गेलेली. शोरूममधल्या पोराने तासभर समजावलेलं माझ्या डोक्यावरून गेलं होतं. काकांनी तेच चहा संपायच्या आत सांगितलं.

"ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की मोटर उलटं काम करती. चाकं तिला फिरवतात, ती वीज करती, अन् त्या ओढीनंच गाडी हळू होती. आमचं नवं इंजिन घाट उतरताना ती वीज वरच्या तारेत सोडायचं. दुसरी गाडी ती खाऊन चढायची. तुझ्या गाडीला तार नाय, बॅटरी हाय. ती गच्च भरल्यावर ठेवणार कुठं?"

मी मान हलवली आणि विसरून गेलो.

काचबिंदूने काकांचा एक डोळा गेला होता, दुसराही अंधूक होत चालला होता. मुलगा परदेशात, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांकडे मी न्यायचं ठरलं. उरलेला डोळा वाचेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वाटेत इगतपुरीला थांबलो. हॉटेलबाहेर चार्जर दिसला आणि मला राहवेना. "घाट पुढ्यात हाय, राहू दे," काका म्हणाले. मी नाश्ता लांबवून शंभर टक्के भरली.

घाटातल्या पहिल्याच उतारावर पाय काढला, तर गाडी हळू व्हायच्या ऐवजी सुटलीच. समोर ट्रक. काकांना समोरचे आकडे दिसत नव्हते, तरी आधी तेच बोलले.

"घाबरू नको. पोट भरलंय तिचं, ती धरणार नाय. ब्रेक हायेत ना? दाबून बसू नको, तापतील. दाब, वेग मोडला की सोड. ट्रकला पुढं जाऊ दे."

खाली पोहोचेपर्यंत माझा शर्ट घामाने भिजला होता. काकांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. मला मात्र माझीच लाज वाटत राहिली.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. उरलेली नजरही काही महिन्यांत जाईल, इलाज नाही. परतताना घाट चढू लागलो तेव्हा काकांनी काच खाली करायला लावली.

"रूळ दिसतात का रे?"

"दिसतात."

"गाडी हाय का?"

रूळ रिकामे होते. "आहे," मी म्हणालो, "मालगाडी आहे."

आयुष्यभर गाड्या चालवलेल्या माणसाला मी आवाज नसलेली मालगाडी दाखवत होतो, आणि कान त्यांचे अगदी शाबूत होते. काकांनी क्षणभर कानोसा घेतला. मग समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला करतात तसा खिडकीबाहेर हात काढून हलवला. बराच वेळ हलवत राहिले.

शेवटी मीच म्हणालो, "गेली, काका."