ओसरलेल्या पाण्याची जमीन

सुरूच्या बनातून वारा वाहतो तेव्हा जो आवाज येतो, तो डोळे मिटून ऐकला तर काढणीला आलेल्या ज्वारीच्या रानाचाच वाटतो. ज्वारीतल्या वाऱ्याला मात्र धुळीचा कोरडा वास असतो. इथला वारा खारट, ओलसर, अंगाला बिलगून राहणारा. पौषातली ती दुपार होती. कोकणात समुद्रालगतच्या एका वनउद्यानात आम्ही तंबूत राहायला आलो होतो: मी, माझी बायको, माझा थोरला भाऊ आणि वहिनी. पैसे मोजून जमिनीवर झोपायला का जायचं, हे नांदेडात जुन्या ट्रॅक्टरांच्या व्यवहारात केस पिकवलेल्या मला प्रवासभर उमगलं नव्हतं. बायको आणि वहिनी सख्ख्या बहिणी, देवणीकडून आमच्या चाकूर तालुक्यातल्या घरात आलेल्या. बेत त्या दोघींचा होता, आणि त्यामागचा हेतू पुरता ठाऊक असूनही आम्ही दोघे भाऊ काहीच ठाऊक नसल्यासारखे गाडीत बसलो होतो.

दादा आणि मी कित्येक वर्षं बोलत नव्हतो. गावाजवळ तळं झालं, तेव्हा माझ्या वाट्याचं रान पाण्याखाली गेलं आणि दादाचं काठावर राहिलं. मी गाव सोडलं, नांदेडात दुसऱ्याच्या गॅरेजात राबलो आणि हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहिलो. पण उन्हाळ्यात तळं उतरू लागतं आणि गाळाची काळीशार, ओलीगच्च पट्टी उघडी पडते. तिच्यावर पेरण्याचा पहिला मान ज्याचं रान बुडालं त्याचा, अशी आमच्याकडची रीत आहे. माझ्या त्या पट्टीवर दादा दरसाल खरबूज लावायचा. मला न विचारता. राग खरबुजाचा नव्हता. विचारलं असतं तर बियाणं मीच नेऊन दिलं असतं. पण विचारलं नाही, आणि तो न विचारलेला शब्द मी एवढी वर्षं जपत आलो.

समुद्र त्या वेळी खूप आत गेला होता. त्यानं मागं सोडलेली वाळू ओल्या पाटीसारखी चकाकत होती, आणि तिच्यावर इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची अशी नक्षी मांडली होती, की पाऊल टाकायला जीव धजेना. एवढं पाणी गेलं कुठं? कुणासाठी गेलं? उद्यानाचा रखवालदार आमचा तंबू मागं, सुरूंच्या दाटीत लावत होता. मोक्याची जागा समोर रिकामी असताना मागची गळ्यात मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. माझा आवाज चढला. "साहेब, भरती येते," तो म्हणाला. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो. पण माणूस एखादी जागा देत नसला की ती चांगली असणार, हे त्यानंतर बाजारात शिकलो होतो, आणि तेच अधिक पक्कं होतं. रखवालदार चहाला गेला, तसे मी खुंट उपटले.

तंबूचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. वळून पाहिलं तर दादा. तंबू पुढं नेऊन ठेवल्यावर तो ओल्या वाळूवर उकिडवा बसला, मूठभर वाळू उचलून पेरणीआधी मातीचा वाफसा पाहावा तशी दाबली आणि मग समुद्राकडं बघत, जणू समुद्रालाच, म्हणाला, "ह्येचा सातबारा कुणाच्या नावावर आसंल?" मी खुंट ठोकू लागलो. त्यालाही शंका आली नाही. आमच्याकडं ओसरलेलं पाणी परतायला मृग उजाडावा लागतो. पाण्यानं सोडलेली जमीन म्हणजे निदान एका पिकापुरती हक्काची जमीन. हे आमच्या दोघांच्याही हाडात इतकं मुरलेलं होतं, की ते बोलून दाखवायची गरज पडली नाही.

उन्हं कलली आणि पाणी परत आलं. गाजावाजा न करता, सतरंजी उलगडावी तसं. आधी खेकड्यांची नक्षी गेली, मग आमच्या चपला तरंगल्या. आम्ही तंबू ओढू लागलो तोवर त्यात गुडघाभर समुद्र शिरला होता. काठावर दोघी बहिणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आक्का, बग की," माझी बायको म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याला समुद्रानं गिऱ्हाईक केलं." वहिनी म्हणाली, "आगं, माजं येडं बी त्येच्यासंगंच हाय."

भिजलेला तंबू सुरूवर वाळत घालून आम्ही दोघं धापा टाकत बसलो. समोर, मघाशी आम्ही जिथं उभे होतो तिथं, केशरी उजेडात लाटा फुटत होत्या. आपली तक्रार मी भावकीत, बाजारात, पाव्हण्यारावळ्यांत सगळ्यांना ऐकवली होती. ज्याला विचारायचं त्याला मात्र कधीच विचारलं नव्हतं, हे त्या वेळी जाणवलं. आणि मला रागापेक्षा नवल अधिक वाटत होतं.

"दादा, मला न विचारता का पेरतोस?"

त्यानं पायाची वाळू झटकली. "पानी मागं सरलं की चार रोज वल ऱ्हाती, बापू. तुला कवा इचारू? फोन केला आन् तू वराडलास, तर हंगाम जातोय." मग दुसरा पाय झटकत, "आन् तू न्हाई म्हनला आस्तास तर?"

उत्तर पुरेसं नव्हतं. वर्षं पुष्कळ होती, चार दिवसांत मावणारी नव्हती. व्यवहारात मी पहिल्या बोलीला मान हलवत नाही; मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे, हे गिऱ्हाइकांना कळतं. दादाला कळलं की नाही, कोण जाणे.

आता फाल्गुन सरत आलाय. परवा बायको वहिनीशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता सहज तिनं विचारलं, "तळं किती उतरलं, आक्का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. दुकानाला उशीर होत होता, पायांत चपला होत्या; तरी तिचं बोलणं संपेपर्यंत मी दारातच उभा होतो.