सहाशे अंशांवर बंद केलेली भट्टी

यवतमाळच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या रत्नप्रभाला एकाच कामाचं वेड लागलं होतं. इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारा, बॅटरीसारखा एक घट असतो. त्याची एक बाजू हवा आत घेते, म्हणून ती सच्छिद्र लागते. पण छिद्रं वाढली की तिच्यातून वीज नीट वाहत नाही. रत्नप्रभाचा अंदाज होता, की जाड आणि बारीक भुकटी एकत्र भाजली तर कण एकमेकांना घट्ट धरतील आणि छिद्रं राहूनही वीज वाहील.

अंदाज सिद्ध करायचा तर त्या भुकटीची दाबून केलेली टिकली भट्टीत संथपणे तापवत तिच्यातून किती वीज वाहते ते मोजायचं. पण ती भारनियमनाची वर्षं. मध्येच वीज जाई आणि टिकली तडकून हाती येई. एका दिवाळीत मात्र दिवे जाणार नाहीत असं जाहीर झालं. भाऊबीजेला येते, असं उमरखेडला बाबांना कळवून ती प्रयोगशाळेतच थांबली.

बाबा, म्हणजे नरहरपंत, सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवत. केंद्र बंद पडलं तसे ते खचले. ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे. आई केव्हाच गेली होती.

भट्टीचा काटा सहाशे अंशांवर आला. आकडे तिच्या अंदाजाप्रमाणे चढत होते. घट चालतो आठशेवर, आणि तिथवर पोचायला आता थोडाच वेळ लागणार होता. तेवढ्यात बाबांच्या शेजारच्या इंदूबाईंचा फोन आला.

"बाई, पंत पडले. बोलून नाही राह्यले. लवकर ये."

भट्टी सावकाश निववायला दुपार लागली असती. रत्नप्रभानं बटण बंद केलं आणि एसटी स्टँड गाठला.

बाबा गेले नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा तेवढी हळूहळू परतली. पहिल्यांदा नीट बोलले ते असं: "तू काहून आली? तुयी भट्टी चालू होती ना?"

बंद करून आले, म्हणाली ती. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. त्यांचे खांदे हलताना तिला दिसले.

तिनं उमरखेडच्या कॉलेजात बदली मागून घेतली. तिथं भट्टी नव्हती. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं यांत वर्षं सरली. कधीकधी ते विचारत, आता केव्हा मोजशील? होईल, म्हणे ती.

एका उन्हाळ्यात ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर तिचे पीएचडीचे मार्गदर्शक चारुदत्त सर भेटायला आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी एक छापील लेख तिच्यापुढे ठेवला. परदेशातल्या लोकांनी तेच मोजलं होतं, थेट आठशेच्या पुढपर्यंत.

आलेख चढत गेला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि सहाशेपाशी थांबली.

"बरोबर होतं सर, आपलं," ती म्हणाली.

सर म्हणाले, नवा विषय घेऊ, पुन्हा नोंदणी करू. तिनं मान हलवली, आता नको म्हणून. मग बाबांच्या खोलीतली औषधं एका पिशवीत भरायला ती आत गेली.