गोजरबाईचं सफरचंद

आजारी माणसाला भेटायला जाणं हे गोजरबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. शेत होतं, म्हशी होत्या, पुंजारामसारखा बोलण्याची काटकसर करणारा नवरा होता; पण हे सगळं गावातल्या इतर बायकांनाही होतं. आजाऱ्याची खबर मात्र तिची एकटीची. कुणाला ताप भरला, कुणाचा पाय मोडला, कुणाला नगरच्या दवाखान्यातून घरी न्या म्हणून परत पाठवलं, की गोजरबाई तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडून, लुगड्याचा पदर सारखा करून निघायची. पदराच्या शेवात एक सफरचंद बांधलेलं असायचं.

ही सफरचंदं तिचा मुलगा मच्छिंद्र आणायचा. तो नगरला एसटीच्या वर्कशॉपात होता आणि शनिवारी घरी यायचा. येताना माळीवाड्याच्या स्टँडबाहेरून आईसाठी सफरचंदं घ्यायचा, कारण दुसरं काही आणलं तर ती रुसायची. गावात तेव्हा सफरचंद हे खायचं फळ नव्हतं. पेरू खायचे, बोरं खायची. सफरचंद आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. धडधाकट माणूस रस्त्यात सफरचंद खाताना दिसला असता, तर लोकांनी त्याला खाटेवर नेऊन निजवला असता.

गोजरबाईचं म्हणणं साधं होतं. माणूस जातो तेव्हा आढ्याकडे बघत जातो, आणि आढ्यात बघण्यासारखं काही नसतं. निदान उशाशी काहीतरी लाल असावं.

घोटाळा असा झाला, की माणसं खरोखरच जायला लागली. आसारामने तिचं सफरचंद खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकली. सहादेव नव्वदीचा होता. तोंडात दात नव्हते म्हणून त्याने सफरचंद नुसतं हुंगलं होतं, तोही गेला. कारभारी तर बरा होऊन महिनाभर हिंडला आणि मग बैलगाडीवरून पडून मेला, पण लोकांनी त्यालाही गोजरबाईच्याच नावावर मांडलं. शिवाय फळं यायची शनिवारी, आणि शनिशिंगणापुरात शनिवारी घरात आलेल्या वस्तूकडे माणूस जरा दबकूनच बघतो.

दुसऱ्या गावात लोकांनी तिला येताना बघून कडी लावून घेतली असती. पण इथे घरांना दारंच नाहीत. देव राखण करतो म्हणून चोर येत नाही. गोजरबाई येते, त्यावर मात्र देवाने काही तजवीज केलेली नव्हती. मग लोक आजाऱ्यालाच उठवून बसवू लागले. शेजारच्या भागूबाईचा सासरा तापाने फणफणलेला असताना तिने त्याच्या हातात वाख देऊन त्याला दोर वळायला बसवलं आणि गोजरबाईला सांगितलं, की मामा अगदी झ्याक हायेत. म्हातारा थडथडत दोर वळत राहिला. गोजरबाईने दोर बघितला. त्याला पीळ उलटा पडला होता. ती सफरचंद घेऊन परत आली.

त्या दिवशी ती म्हशीजवळ बराच वेळ बसली. पुंजाराम म्हणाला, "आता घरी बस." हे त्याचं त्या दिवशीचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

एकाहत्तर सालच्या थंडीत तिची थोरली जाऊ लंकाबाई आजारी पडली. अंगण एकच, चुली दोन. गोजरबाई परकर नेसायच्या वयात या घरात आली तेव्हा लंकाबाईने तिला भाकरी थापायला शिकवली होती, आणि करपली की उलथन्याने हाणलंही होतं. पुढे दोघी जन्मभर भांडल्या. आता लंकाबाईचा ताप उतरला होता, पण तोंडाची चव गेली होती. पेज नको, दूध नको, भाकरीकडे तर बघायलाही नको. वैद्य म्हणाला, पोटात काही गेलं नाही तर माझ्या पुड्यांनी काय व्हायचंय.

गोजरबाई सफरचंद घेऊन अंगण ओलांडणार, तोच आतून आवाज आला. आवाज बारीक होता, पण लंकाबाईचाच होता.

"गोजरे, मरायचं आसंल तर मरंन मी. पर तुझ्या फळानं न्हाई मरायची."

गोजरबाई माघारी फिरली. जाऊ उपाशी मरणार, आणि मेल्यावर गाव म्हणणार, गोजरीचं सफरचंद नुसतं अंगणापर्यंत आलं तरी पुरलं. गावाचं ती सोसणार होती. पण लंकाबाई गेल्यावर सकाळी उठून भांडायचं कुणाशी, हे तिला सुचेना.

मग तिच्या डोक्यात आलं, की लंकाबाईचं वैर फळाशी आहे. फळ फळासारखं दिसलंच नाही तर?

दुपारी गल्ली शेतात गेल्यावर तिने मच्छिंद्राने आणलेला पितळी स्टोव्ह काढला. चूल अंगणातून दिसायची, स्टोव्ह कोपऱ्यात लपवता येत होता. सफरचंदं सोलली, लाल साली शेळीपुढे टाकल्या, फोडी केल्या. पातेल्यात तूप, तुपात लवंगा आणि दालचिनीचा तुकडा, त्यावर फोडी, मग गूळ. कैरीच्या गुळांब्याच्या सवयीने तिने वाटीभर पाणी घातलं आणि फसली. सफरचंदाला स्वतःचंच पाणी सुटलं, पातेल्यात डबकं झालं. स्टोव्हची थोडी हवा सोडून तिने आच कमी केली आणि ढवळत बसली. पाक हळूहळू दाटला, फोडी काचेसारख्या झाल्या, पण मोडल्या नाहीत. वरून वेलदोडा आणि चिमूटभर सुंठ घातली.

लपवायचं म्हणून कोपरा निवडला होता, पण वासाला कोपरा कळत नाही, आणि दार नसलेल्या घरातून तो निवांत चालत बाहेर गेला. उंबऱ्यावर भागूबाई उभी राहिली.

"काय शिजतंय वं?"

"डांगर," गोजरबाई म्हणाली, आणि लाल भोपळ्याच्या कुळाचा असा उद्धार त्याआधी कधी झाला नसेल.

भागूबाईने वाटीभर चाखलं, बोटं चाटली, असं डांगर उभ्या जन्मात खाल्लं नाही म्हणाली. तिच्या मागे शेळी तोंडातून लाल साल लोंबकळत ठेवून उभी होती. गोजरबाईने भागूबाईला आणखी अर्धी वाटी वाढली, म्हणजे ती मागे वळणार नाही.

लंकाबाईने आधी बोट बुडवून बघितलं. मग वाटी तोंडाला लावली. मग वाटी रिकामी झाल्याचा राग आल्यासारखं गोजरबाईकडे बघून म्हणाली, "येवडंच व्हय?" दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याबरोबर चतकोर भाकरी खाल्ली. आठवड्याने ती अंगणात येऊन उभी राहिली आणि गोजरबाईने गोवऱ्या वाकड्या थापल्यात म्हणून ओरडली. गोजरबाईला इतका आनंद झाला, की ती उलट बोलायची विसरली.

आता सांगितलं असतं तर तिच्या नावाला लागलेला बट्टा निघाला असता. सफरचंद खाऊन माणूस उठलं होतं, आणि साक्षीला खुद्द लंकाबाई होती. पण ऐकून बाई धसक्याने पुन्हा खाट धरेल, ही भीती होती. गोजरबाईने जिभेवर दगड ठेवला. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ सांगण्यासारखं काही होतं, आणि ते तिला सांगता येत नव्हतं.

तिकडे भागूबाईने गल्लीत डांगराची कीर्ती केली. बायका बी मागायला येऊ लागल्या. गोजरबाईने माळ्यावरचं एक साधं डांगर फोडलं आणि गंभीर चेहऱ्याने चिमूट चिमूट बी वाटलं. सगळ्यात जास्त बी लंकाबाईने नेलं. तिने ते न्हाणीच्या पाण्यावर लावलं, वेलाला रोज दोनदा बघितलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या दिवाळीला डांगरं आली. लंकाबाईने लवंगा घातल्या, दालचिनी घातली, गूळ घातला, आणि एक घास खाऊन पातेलं म्हशीपुढे सरकवलं. दोन दिवस ती गोजरबाईशी बोलली नाही. भांडलीही नाही, हे जास्त वाईट होतं.

थंडीत गोजरबाईला हिवताप आला. तिच्यावर गोधड्यांचा ढीग घातला तरी खाट हलत होती. तिला बघायला फारसं कुणी आलं नाही. आजाऱ्याला बघायला जायचं काम गावाने कधीच तिच्यावर सोपवून दिलं होतं. ती आढ्याकडे बघत पडली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं, तिथे काहीच नव्हतं.

तेवढ्यात लंकाबाई आली. तिने पदराची गाठ सोडली आणि एक सबंध लालभडक सफरचंद गोजरबाईच्या उशाशी ठेवलं.

"मच्छिंद्राच्या पिशवीतलं हाय," ती म्हणाली. "खा."

गोजरबाईने सफरचंदाकडे बघितलं. इतकी वर्षं तिने ते वरून बघितलं होतं. खाटेवर पडून, इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. खालून ते भलतंच मोठं दिसत होतं. तिला आसाराम आठवला. दात नसलेला सहादेव आठवला. कारभारीचा आणि सफरचंदाचा काही संबंध नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तोही बैलगाडीसकट आठवला. तिने गोधडी नाकापर्यंत ओढली.

"आक्का," ती म्हणाली, "शिजवून द्या."

लंकाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात जे हललं ते हसू होतं की नाही, हे गोजरबाईला तापात नीट दिसलं नाही.

"डांगर करू म्हंतीस?"

"डांगरच करा. पर पानी घालू नका."

लंकाबाईला स्टोव्ह पेटवता येत नव्हता. गोजरबाई खाटेवरून सांगत राहिली, आता पिन मारा, आता हवा भरा, आता जरा सोडा. आणि लंकाबाई प्रत्येक गोष्ट उलटी करून तिलाच शिव्या देत राहिली. शेवटी एकदाची निळी ज्योत धरली. तुपात लवंगा तडतडल्या. वास उठला, कोपऱ्यातून निघाला आणि उंबऱ्याबाहेर गेला.

थोड्याच वेळात भागूबाईचं डोकं आत आलं. काय शिजतंय, तिने विचारलं.

"डांगर," लंकाबाई मागे न वळता म्हणाली.