मेडशीच्या घाटातले अठ्ठ्याण्णव मार्क

"म्याडम, गाड्या उभ्या हायेत," संजय फोनवर म्हणाला.

"कुठे?"

"मेडशीत. घाटाच्या पयले."

"काय बिघडलं?"

"काई नाई."

"टायर? पोलिस?"

"नाई म्याडम. सगळं बरं हाये. फक्त उभ्या हायेत."

सकाळचे दहा वाजले होते. सोयाबीन भरलेले आमचे सहा ट्रक, सगळं बरं असताना, रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना अकोल्याच्या तेल कारखान्यात पोचायचं होतं. पंधरा वर्षं मी ट्रान्सपोर्टमध्ये काढली आहेत, पण 'फक्त उभ्या हायेत' हे कारण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ऑफिसची जीप काढली आणि वाशीमहून मेडशीला निघाले. वाटेत संजयला तीन वेळा फोन केला. त्याने एकदाही उचलला नाही, म्हणजे कारण होतं आणि ते मला सांगण्यासारखं नव्हतं.

मी फ्लीट मॅनेजर आहे. फ्लीट म्हणजे गाड्यांचा ताफा. गाड्या वेळेवर निघाल्या पाहिजेत, डिझेल वाया जाऊ नये आणि ड्रायव्हर धड घरी पोचावा, हे माझं काम. आमच्या प्रत्येक ट्रकमध्ये एक डबी बसवलेली आहे. गाडीचा वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, उभ्या गाडीचं इंजिन किती वेळ उगाच चालू ठेवलं, हे सगळं ती ऑफिसच्या स्क्रीनवर पाठवते. त्यावरून दर महिन्याला प्रत्येक ड्रायव्हरला शंभरपैकी मार्क मिळतात. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्याचे मार्क वेगळे.

आमच्या लोकांचे मार्क कसे, तर शेलूबाजारच्या चौकात जीपवाल्यांशी ईर्षा करून पन्नासच्या खाली. मालेगावच्या सरळ रस्त्यावर वेगापायी साठ. आणि मेडशीच्या घाटात, जिथे भरलेला ट्रक उतरवताना भल्याभल्यांच्या हाताला घाम फुटतो, तिथे अठ्ठ्याण्णव. सगळ्यांचे. दर महिन्याला.

आता कुणालाही वाटेल, बाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. मलाही आता तसंच वाटतं. तेव्हा मात्र मी आनंदाने 'घाट सुरक्षा प्रमाणपत्र' छापून घेतलं आणि सगळ्यांना वाटलं. कारखान्याचं ऑडिट आलं तेव्हा घाटाचा तक्ता त्यांच्यापुढे सगळ्यात आधी ठेवला. प्रत्येक ट्रक घाटाआधी मेडशीत दहा मिनिटं थांबतो आणि उतरल्यावर पुन्हा पाच मिनिटं, हेही स्क्रीनवर दिसत होतं. त्यावर मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'घाटापूर्वी विश्रांती व घाटानंतर टायर तपासणी ही शिस्त चालकांनी स्वतःहून अंगी बाणवली आहे.' हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मेडशीत चहाच्या कँटीनपुढे सहाही जण बाकावर ओळीने बसले होते. मला पाहून सगळे उठले आणि सगळ्यांनी संजयकडे पाहिलं. संजय तायडे आमचा चार वर्षांचा जुना ड्रायव्हर, तिशीचा, एरवी तोंडाळ.

"बोल," मी म्हटलं.

"गुलाबकाकाच्या डोळ्याचं काल ऑपरेशन झालं ना म्याडम."

गुलाबराव सरकटे आमचेच जुने ड्रायव्हर. घर मेडशीतच. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती.

"त्यांच्या ऑपरेशनचा आणि गाड्यांचा काय संबंध?"

संजय जमिनीकडे पाहत म्हणाला, "घाट काकाच उतरवते ना."

"कुणाची गाडी?"

"सगळ्याइची."

मी बाकावर बसले. मग एकेक करून निघालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका ट्रकचे ब्रेक घाटात तापले आणि गाडी कठड्याला टेकली. माणूस वाचला, पण सगळ्यांनी धसका घेतला. गुलाबकाका नुकतेच रिटायर झाले होते, सकाळपासून कँटीनवर बसून असायचे. एकाने म्हटलं, काका, आजच्या दिवस उतरवून द्या. काकांनी उतरवून दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने म्हटलं. तेव्हापासून रिवाजच पडला. ट्रक मेडशीत थांबायचा, ड्रायव्हर बाजूच्या सीटवर सरकायचा, काका घाट उतरवायचे आणि वर येणाऱ्या आमच्याच रिकाम्या गाडीत किंवा एसटीत बसून परत कँटीनवर. मोबदला म्हणजे चहा आणि बिडीचं बंडल.

म्हणजे माझे अठ्ठ्याण्णव मार्क एकट्या माणसाचे होते. आणि तो माणूस आमच्या नोकरीतच नव्हता.

"तुम्हाला लाज नाही वाटली? सर्टिफिकेट घेताना?"

"तुमी इतक्या खुशीनं देऊन राह्यल्या होत्या," संजय म्हणाला, "मंग नाई कसं म्हनाव?"

एवढ्यात मालकांचा फोन आला. विलासभाऊ माणूस वाईट नाहीत, पण गाडी उभी दिसली की त्यांचं डोकं फिरतं. मी सगळं सांगितलं.

"मंग आता काकाले बसव अन् आजच्या दिवस उतरवून घे," भाऊ म्हणाले.

"भाऊ, मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालंय."

"एकाच डोळ्याचं झालं ना?"

मी फोन ठेवून दिला. नोकरीत मालकाचा फोन मी आजवर दोनदाच मधे कापला आहे, त्यातली ही एक वेळ.

काकांचं घर कँटीनच्या मागेच होतं. ते ओसरीवर खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते. मला ओळखलं ते आवाजावरून.

"या बाई. मले वाटलंच होतं तुमी येसान."

"काका, तुमचं लायसन्स चालू आहे का?"

"थे तं दोन साल झाले सरलं. रिन्यू कराले गेलो अस्तो तं डोळे तपासले अस्ते त्याइनं."

"म्हणजे डोळ्यांचा त्रास तेव्हापासून?"

"डाव्यानं तं सालभरापासून दिसतच नवतं."

वर्षभर आमचे भरलेले ट्रक एका डोळ्याने, लायसन्स नसताना हा माणूस दरीच्या कडेने उतरवत होता. समोरून एसटी येते, मोटरसायकलवर लेकरं घेऊन माणसं येतात. त्यातल्या एखाद्याला काही झालं असतं, तर मी प्रमाणपत्रं दाखवत फिरले असते. रागाने माझा आवाज चढला. "दिसत नव्हतं, तर घाट उतरवत कसे होतात?"

"कानानं," काका म्हणाले. "इंजिन सांगते ना बाई. आपुन आयकलं पाह्यजे."

ते बोलले ते अगदी सरळ, फुशारकी नव्हती. माझा राग गेला नाही, पण डोकं चालायला लागलं.

आज गाड्या परत फिरवल्या तरी घाट उद्या तिथेच असणार होता. उतरवायला शिकणं एवढाच मार्ग होता. काकांना ट्रकमध्ये बसवायचं नाही, हे पक्कं. डॉक्टरांनी धक्के सांभाळायला सांगितले होते. मग ठरलं असं: स्टिअरिंगवर संजय, शेजारी मी, माझा मोबाईल स्पीकरवर इंजिनजवळ धरलेला, आणि काका खाटेवरून ऐकणार. एका वेळी एकच ट्रक. मागे इंडिकेटर लावून आमची जीप, ती दुसऱ्या एका ड्रायव्हरकडे. हवेचं प्रेशर आणि ब्रेक आधी तपासले, मगच निघालो.

"चढतानी जो गिअर लागते, उतरतानी तोच," फोनमधून काका म्हणाले. "टाकला का?"

"टाकला."

हे ट्रकचं जुनं शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी मागे ओढून धरतं. पायाचा ब्रेक एकसारखा दाबून ठेवला, तर तो तापतो आणि नेमका लागायच्या वेळी लागत नाही.

पहिल्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं. संजयचा हात आपोआप वरच्या गिअरकडे गेला.

"हात नोको लावू!" काका ओरडले. त्यांना हात दिसणं शक्यच नव्हतं. "बोंबलून राह्यलं तं बोंबलू दे. थे बोंबलते म्हून तं गाडी धरून हाये. ब्रेक दाब अन् सोड. दाबून बसू नोको."

दुसरं वळण झालं. तिसऱ्याला संजयने थोडा श्वास सोडला. चौथ्या वळणाआधी फोनमधून खरखर आली आणि मग काहीच नाही. रेंज गेली.

"काका?" संजय म्हणाला. "काका?"

उजवीकडे दरी होती. संजयच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता.

"म्याडम, आता काय करू?"

आता कबूल करते. ड्रायव्हर ट्रेनिंगच्या स्लाइड मी बनवते, घाटावर माझी चांगली अकरा पानं आहेत. पण ट्रक मी आयुष्यात चालवलेला नाही. त्या अकरा पानांतलं एक अक्षर मला आठवेना.

"इंजिन काय म्हणतंय?" मी विचारलं.

त्याने कान दिला. "बोंबलून राह्यलं."

"मग बोंबलू दे."

तो हसला नाही, मीही नाही. तो ऐकत राहिला. दाबायचा, सोडायचा. एकदा समोरून एसटी आली तेव्हा त्याने इतक्या जोरात ब्रेक मारला की मी डॅशबोर्डला टेकले. पण गिअर सोडला नाही. पायथ्याला गाडी लावून तो खाली उतरला, चाकांपाशी वाकून वास घेतला. जळका वास नव्हता.

बाकीचे पाच ट्रक तसेच एकेक करून उतरले; दर वेळी मी जीपने परत वर जायचे. पाचही वेळा मी केबिनमध्ये होते आणि पाचही वेळा त्याच वळणावर रेंज गेली. सगळं आटपेपर्यंत साडेतीन वाजले.

डोळा बरा झाल्यावर काकांना आम्ही रीतसर ट्रेनर म्हणून घेतलं. ते बाजूच्या सीटवर बसतात आणि स्टिअरिंगला हात लावायची त्यांना मनाई आहे. तरी लावू पाहतात, तेव्हा ड्रायव्हर मला फोन करून चुगली करतात. कारखान्यालाही मी खरं काय ते लिहून कळवलं. ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

महिनाअखेर मार्क आले. विलासभाऊंचा लगेच फोन. "घाटातले मार्क पडले काहून?"

"पडले नाहीत, भाऊ. पहिल्यांदा आलेत."

जुनी प्रमाणपत्रं मी सगळ्यांकडून परत मागवली. संजयने स्वतःचं फ्रेमसकट आणून दिलं. घरी दर्शनी भिंतीवर लावलेलं होतं. ते टेबलावर ठेवून तो तिथेच घुटमळला. त्याच्या हातात त्या महिन्याचा मार्कांचा कागद होता. मेडशी घाट, एक्केचाळीस.

"म्याडम, यावर सही-शिक्का भेटन का? त्याच फ्रेममंदी टाकतो."

"अरे, एक्केचाळीस म्हणजे नापासच की जवळजवळ."

"हाव. पन हे माहे हायेत."

मी सही केली, शिक्का मारला. अठ्ठ्याण्णवच्या कागदांवर तीन वर्षं सह्या करताना मात्र, गाडी कोण चालवतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.